नारळ पडायच्या आधी

लहानपणी मी मागितलं आणि मला तिथल्या तिथे मिळालं, असा एकच दिवस मला आठवतो, आणि तो नारळी पौर्णिमेचा होता. एरवी आमच्या घरात काही मागणं म्हणजे पापच. बांगड्या मागितल्या की आई विचारायची, "हात काय पळून चाललेत?" खाऊ मागितला की मडक्यातल्या गुळाकडे बोट दाखवायची. त्या दिवशी मात्र तिने सकाळीच मला न्हाणीत बसवून चोळून न्हाऊ घातलं, लग्नाकार्यासाठी जपून ठेवलेला पिवळा फ्रॉक काढला, अबोलीचा वळेसर माळला, स्वतः हिरवं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल बाय, आज आपण दोघी दिवसभर हिंडूया." मी सहा-सात वर्षांची असेन. हिला आज काय झालंय, असा प्रश्न मला पडला नाही. फ्रॉकच्या खिशात हात घालून मी दारात नाचत राहिले.

बाबा घरात नव्हते. ते जयगडला आत्याकडे राखीला गेलेत, असं आईने मला सांगितलं होतं, आणि वाडीत जो विचारील त्यालाही ती हेच सांगत होती. खरं काय ते तिने मला सांगितलं पुष्कळ वर्षांनी, मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हा, बाळाला तेल लावता लावता. बाबा दर्यात होते. तेरसेच्या रात्री एकटेच होडी घेऊन गेले होते. चौदसेला उजाडायच्या आत येतो, म्हणाले होते. चौदस गेली, पौर्णिमा उजाडली, तरी त्यांचा पत्ता नव्हता, आणि हे जगात फक्त आईला ठाऊक होतं.

पूर्णगडला आमची वाडी खाडीच्या तोंडाशी. पावसाळा लागला की होड्या पुळणीवर, वाळूत वर ओढायच्या, त्यांच्यावर माडाची झापं रचून त्या पार झाकून टाकायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत हात लावायचा नाही. पौर्णिमेला भरती पुरी भरली की वाडीचा मानकरी सोन्याच्या कागदात गुंडाळलेला नारळ दर्याला देणार, आणि मगच कोणाची होडी पाण्याला लागणार. नारळ पडायच्या आधी जो जाईल त्याची होडी हंगामभर झापाखाली. यात दयामाया नव्हती. मागे एकाला अशी शिक्षा झाली होती, तो बायकापोरांना घेऊन मुंबईला गिरणीत गेला आणि परत आलाच नाही. आता सरकारी बंदी उठली की ट्रॉलर सुटतात, नारळ मागाहून सवडीने पडतो, आणि माझा मुलगा मोबाइलवर बोट ठेवून सांगतो की आपली बोट आत्ता कुठे आहे. ते पाहिलं की मला राग येतो. कोणाचा येतो ते मात्र अजून ठरवता आलेलं नाही.

बाबा मुळातच उतावळे. चुलीवर भात शिजतोय तोवर ताट घेऊन बसणारे. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' ही म्हण आमच्या दाद्यासाठीच कोणी केली असणार, असं आत्या म्हणायची. त्या वर्षी आषाढ-श्रावणात आम्ही सुकट आणि कुळथाचं पिठलं खाऊन इतके कंटाळलो होतो की मीच एकदा जेवताना रडले होते. त्यात दोन दिवस दर्या निवळला. बाबा पुळणीवर जाऊन उभे राहायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "पाणी बघ कसा झालाय, आणि आमी बसलाव हातावर हात ठेवून." आईने नको म्हटलं, मग हळूच म्हटलं, मग म्हणायचं सोडलं. शेवटी तिनेच त्यांच्याबरोबर होडीला खांदा लावला. होडी गेल्यावर जागा मोकळी दिसू नये म्हणून तिने तिथे माडाचे ओंडके ओढून आणले आणि त्यांच्यावर झापं पूर्वीसारखी रचून ठेवली. वाडीला वाटत होतं आमची होडी आत झोपलेली आहे.

म्हणून तर आम्ही हिंडायला निघालो. आई घरात बसली असती तर चार बायकांनी येऊन विचारलं असतं, बरं नाय काय गो, नवरा कधी येणार. सणाच्या दिवशी घरात बसलेली बाई लगेच डोळ्यांवर येते. तिने नारळी भातसुद्धा केला. लवंगा तुपात टाकल्या, गूळ-खोबरं घातलं, वास शेजारी गेला, आणि मग भात खाली लागला. माझ्या आईचा भात कधी लागत नसे. शेजारच्या सुंदरीकाकीने कुंपणाच्या वईपलीकडून हाक मारली, "काय गो, नवरा घरात नाय तर भात पन करपलास?" आई हसली. इतकं मोठ्याने हसली की काकीसुद्धा जरा थांबून बघायला लागली.

देवळापाशी ढोल-ताशे सुरू झाले होते. सनईवाला पावस गावचा होता, त्याचे गाल फुगायचे ते बघायला आम्ही पोरं त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायचो. मांडवाच्या कडेला खाजंवाला, काकणवाली, फुगेवाला अशी दुकानं लागली होती. मी खाजं मागितलं, आईने घेतलं. मी काकणं मागितली, तिने हात पुढे केला माझा. काकणवालीने कोपरापर्यंत चढवायला सुरुवात केली तरी आई काही बोलेना, कारण ती माझ्या डोक्यावरून खाडीच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी काकणवालीनेच विचारलं, "पुरे काय गो?" मग मी पिपाणी मागितली. मग लाल फुगा. मग फुगा फुटला म्हणून दुसरा. माझ्या बरोबरीच्या पोरी माझ्याकडे बघून जळत होत्या, आणि मला वाटत होतं, बाबा नसले की आई किती चांगली वागते. हे वाक्य लिहिताना आज माझा हात अडखळला, पण त्या वयात मला तसंच वाटलं होतं, त्याला काय करणार?

बायकांनी फुगड्या धरल्या. कोणीतरी आईला ओढलं आणि ती गेली. आई फुगडी घालताना मी त्याआधी पाहिली नव्हती. ती समोरच्या बाईला अशी फिरवत होती की ती बाई "सोड गो, सोड, मरतंय मी" म्हणून ओरडायला लागली. सगळ्या हसत होत्या. आई सुटली तेव्हा तिला घेरी आली आणि ती देवळाच्या पायरीवर बसली. मी तिच्या मांडीवर हात ठेवला. "आये, अजून घाल ना फुगडी," मी म्हटलं. ती म्हणाली, "किल्ल्यावर जाऊया काय?"

किल्ल्यावर मला कधी कोणी नेलं नव्हतं. गावाच्या वरच आहे, लहानसाच, पण वाट निसरडी आणि गवतात जनावर असतं म्हणून पोरांना मनाई. मी उड्या मारत पुढे. "वर काय हाय आये?" "वारा हाय." ती धापा टाकत चढत होती. आत शिरल्यावर तिने इकडेतिकडे काही बघितलं नाही, सरळ मला हाताला धरून दर्याच्या बाजूच्या दाराशी नेलं. खाली सगळा दर्या उघडा पडला होता. पांढऱ्या रेघा येत होत्या, फुटत होत्या. आई कपाळावर हात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली, परत उलट बघत आली. मग माझ्यापाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाय, तुझे डोळे बरे हायत. बघ, काय काळा दिसतांय काय कुठं?"

मला वाटलं खेळ आहे. मी दाखवायला लागले. ते बघ काळं. तो खडक होता. ते बघ. ते पक्षी होते, एकदम उठून गेले. ते बघ तिकडे. ती ढगाची सावली होती. प्रत्येक वेळी आई पुढे वाकायची, दगडाला धरून टाचांवर उभी राहायची, आणि प्रत्येक वेळी परत खाली बसायची. मी खेळाला कंटाळले आणि पिपाणी वाजवायला लागले. आईने कधी नव्हे ती माझ्या हातातून पिपाणी हिसकावून घेतली, मग लगेच परत दिली, आणि माझ्या केसांत तोंड खुपसून बसली. अबोली चुरगळली म्हणून मी कुरकुरले. खाली वाडीतून ढोल ऐकू येत होते, आणि दर्याची गाज त्यांच्याहून मोठी होती.

आम्ही उतरलो तोवर दुपार कलली होती. पुळणीवर होड्या उघडायला सुरुवात झाली होती. झापं काढायची, होडी धुवायची, नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू आणि फुलांची माळ, वर रंगीत पताका. सगळ्या होड्या नटून उभ्या, आणि मध्ये आमचा एकच झापांचा ढीग तसाच. "तुमची होडी कोण उघडणार?" कोणीतरी विचारलं. "ते येतील आता. येष्टीने येतील," आई म्हणाली. सुंदरीकाकी म्हणाली, "पोरांना सांगते, तवर झापं तरी काढतील." आई झापांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "नको. त्यांना आवडत नाय दुसऱ्याने हात लावलेला." बाबांना असलं काही नावडत नव्हतं, आणि काकीला ते माहीत होतं.

तेवढ्यात येष्टी आली. वरच्या रस्त्यावरून हॉर्न ऐकू आला, माणसं उतरली, आणि त्यांच्यात मला आत्या दिसली. बाबांची धाकटी बहीण, शेवंती, जाडजूड, हातात पिशवी, केसांत ही एवढी फुलं. मी ओरडले, "आये, आत्या आली!" आईने वळून बघितलं आणि तिच्या तोंडावरचं रक्त गेलं. आत्या पुळणीतून चपला हातात घेऊन डुलत डुलत आली, लांबूनच बोलत. "यंदा म्हटला आपनच जाऊया, दाद्याला काय सवड व्हनार नाय. कुठं हाय दाद्या? राखी आनलंय त्याच्यासाठी, चांगली झुपकेवाली. आनि वयनी, भूक लागलीय गो, भात केलास काय?"

सुंदरीकाकीने आत्याकडे बघितलं, मग आईकडे. "तुझ्याकडंच आलाय ना तो?" ती म्हणाली. आत्या म्हणाली, "माझ्याकडं? माझ्याकडं कशाला येल?" मग काकी पुढे झाली, आईला बाजूला सारून तिने एक झाप ओढलं. दुसरं ओढलं. आत ओंडके.

सगळी पुळण आमच्याभोवती गोळा झाली. ढोल थांबले होते. भिवा तांडेल पुढे आला. तोच वाडीचा मानकरी, नारळ त्याच्या हातून पडायचा, आणि त्याच्या होडीला वाडीतलं एकुलतं एक मशीन होतं. बाबा लहानपणापासून त्याच्या होडीवर वाढलेले. त्याने ओंडक्यांकडे बघितलं आणि विचारलं, "कधी गेला?"

"तेरसेला," आई म्हणाली. "रातचा. काल उजाडता येनार व्हता. भिवाकाका, तुमची मशीनची होडी काढा. तुमच्या पाया पडते मी. काय करायचा तां मागून करा आमचा, पन आता होडी काढा."

"नारळ पडायचाय अजून," तांडेल म्हणाला.

"मग पाडा!"

"भरती भरली नाय. अर्धी हाय." त्याचा आवाज चढला. "एकाने मोडलान तां पुरे नाय काय? आता सगळ्या वाडीने मोडायचा? उद्या आमची पोरां जानार हायत ह्याच पान्यावर. त्यांचा काय?" मागून कोणी म्हणालं, पांडूला, म्हणजे माझ्या बाबांना, अक्कल नव्हती. कोणी म्हणालं, काल तरी सांगायचं होतंस. आत्याला आत्ता कुठे समजलं काय झालंय ते, आणि ती वाळूत बसून छाती बडवायला लागली. तिने तांडेलाला ज्या शिव्या दिल्या त्या मी तोवर ऐकल्या नव्हत्या, पुढे मात्र पुष्कळ उपयोगी पडल्या. तांडेल ढिम्म उभा. भिवा तांडेल दुष्ट माणूस नव्हता, हे मला आज लिहायलाच हवं. त्याचा एक भाऊ दर्याने नेला होता, आणि नारळाच्या आधी गेला म्हणूनच नेला, अशी त्याची पक्की खात्री होती. तो खरोखर घाबरला होता. मीही घाबरले होते, पण बाबांसाठी नाही. आईचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, म्हणून.

आई मागे सरली. लोकांना वाटलं, समजली. ती चालत गर्दीतून बाहेर पडली, मी तिच्या लुगड्याला धरून मागे. पाण्याच्या कडेला पाटावर पूजा मांडलेली होती. हळदकुंकू, फुलं, आणि मधोमध सोन्याच्या कागदातला नारळ. गुरव बाजूला सनईवाल्याशी बोलत बसला होता. आईने वाकून तो नारळ उचलला. बाईमाणसाने त्या नारळाला शिवायचंसुद्धा नसतं. गुरव "ए, ए" करत उठला तोवर ती गुडघाभर पाण्यात गेली होती. तिने दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर धरला आणि जेवढी ताकद होती तेवढ्याने फेकला. तो फार लांब गेला नाही. डुबुक करून बुडाला, वर आला, आणि लाटेबरोबर हलत राहिला. आईने मागे वळून ओरडून सांगितलं, "पडला नारळ! दिलाय मी दर्याला! आता कुठल्या देवाची वाट बघतंव तुमी?"

मला वाटलं आता हिला मारतील. एकानेही हात उचलला नाही. माणसं त्या नारळाकडे बघत उभी होती, कारण त्याचं आता काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काढून परत तर देता येत नाही. दिलेला तो दिलेलाच. शेवटी तांडेलाचा थोरला मुलगा बापाकडे न बघता होडीकडे गेला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले. तांडेल वाळूत बसला आणि त्याने डोकं गुडघ्यांत घातलं. होडी पाण्यात ढकलली जात असताना त्याने डोकं वर न काढता मुलाला सांगितलं, "आधी दक्षिणेच्या खडपात बघ. वारा तिकडचा व्हता."

मग वाट बघणं. आई पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. भरती चढत तिच्या कमरेपर्यंत आली तरी उभी होती. आत्याने मला मांडीवर घेतलं होतं. तिचं रडं थांबलं की माझं सुरू व्हायचं. बायका लांब उभ्या होत्या, जवळ कोणी आलं नाही. सुंदरीकाकी तेवढी एकदा येऊन माझ्या हातावर नारळी भाताची मूद ठेवून गेली. मी ती खाल्ली. वाडीने आमचं पुढे काय केलं तेही इथेच सांगून टाकते. आम्हाला हंगामभर कोणी होडी पाण्यात उतरवू दिली नाही, बाबा परक्या होडीवर खलाशी म्हणून राबले, आणि आई जिवंत असेपर्यंत तिला नारळी पौर्णिमेच्या पूजेजवळ येऊ दिलं नाही. तिने त्याबद्दल एकदाही कुरकूर केली नाही. त्या वर्षी दर्याने कोणाचं काही वाकडं केलं नाही. उलट बांगडा इतका आला की बायकांच्या पाट्या भरून वाहिल्या. त्याचं श्रेय मात्र आईला कोणी दिलं नाही.

मशीनचा आवाज आला तेव्हा अंधारायला लागलं होतं. होडी जवळ आल्यावर आत बसलेली माणसं मोजायची माझी हिंमत झाली नाही, मी आत्याच्या पदरात तोंड लपवलं. आत्या किंचाळली तेव्हा मला वाटलं संपलं. पण बाबा होते. दक्षिणेच्या टेकडीपलीकडच्या खडपात होडी फुटली होती आणि ते दीड दिवस खडकाला धरून बसले होते. खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांनी हातपाय सोलून निघाले होते. सकाळपासून ढोल ऐकू येत होते म्हणे. त्यांना दोघांनी धरून उतरवलं. त्यांनी समोर जमलेली सगळी वाडी बघितली, तांडेलाला बघितलं, खाली मान घातली, आणि फुटक्या ओठांनी पहिला शब्द काढला तो हा: "कोनी सांगितलान ह्यांना?"

आई पाण्यातून चालत गेली आणि तिने त्यांच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग दोन्ही मुठींनी छातीवर मारत सुटली. बाबा उभे राहिले, हातसुद्धा आडवा घातला नाही त्यांनी. आईने बाबांना चारचौघांत हात लावलेला मी त्याआधीही पाहिला नाही आणि नंतरही. आत्याने तिला मागे ओढलं तेव्हा तिने बाबांचा सदरा मुठीत धरला. तसाच धरून ती सगळ्या वाडीतून चालली, बाबा लंगडत तिच्या बाजूने, मी आणि आत्या मागून. दारादारांत माणसं उभी होती. घरात आल्यावर आत्याने बाबांना बसवलं, पाणी तापत ठेवलं, आणि म्हणाली, "वयनी, सोड आता. त्याचा सदरा काढायचाय." आईने मान हलवली, पण मूठ सुटेना. तिने स्वतः प्रयत्न केला, तरी सुटेना. मग आत्या तिच्यापुढे बसली आणि एकेक बोट धरून हळूहळू उघडायला लागली.